अळणी बारा दिवस

जावयाचे दात असे घट्ट बसले की मधे घातलेला स्टीलचा चमचा वाकला. डोळे वर गेले, हातपाय आपटू लागले, अंथरूण ओलं झालं. सकाळचे आठ वाजले होते. लेक कामाला निघायची म्हणून केस विंचरत होती. फणी टाकून धावली.

"आई, चमचा काढ आधी! कुशीवर कर त्याला."

मी केलं. थोड्या वेळाने तो ढिला पडला, पण हाक मारली तर ओ देईना. शेजारच्या दोघांनी उचलून रिक्षात घातला. रिक्षात लेक एकदाच बोलली, "कावीळ मेंदूत गेली."

कावीळ होऊन अठरा-वीस दिवस झाले होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. विठ्ठलवाडीला एका खोलीत राहायची दोघं. आजारपणाचं कोण करणार, म्हणून मी त्यांना कोपरला माझ्याकडे आणलं. मी चौथी पास, लेक एम.एस्सी., ठाण्याला एका प्रयोगशाळेत कामाला. तिच्या साहेबांनी त्याचं रक्त मुंबईला तपासायला पाठवलं. त्यात दोन जंतू निघाले. एक काविळीचा 'बी' नावाचा, आणि दुसरा त्या बीचाच अंगरखा घालून फिरणारा डेल्टा.

डेल्टाचं लेकीला ठाऊक होतं, कारण तिच्याकडे त्याच धर्तीचं काम चालायचं. मी सुकट निवडत बसले होते तेव्हा तिला विचारलं.

"पेशीत आरएनए नावाचा धागा असतो," ती म्हणाली. "त्यावर निरोप असतो, काय बनवायचं त्याचा. कापण्या-जोडण्याचं काम प्रोटीनंच करतात, असं सगळे धरून चालले होते. मग कळलं, काही धागे स्वतःच कापतात. अशी घडी घालून बसतात की त्या घडीलाच धार येते."

"धाग्याला धार? काहीतरीच."

"अगं, खरंच. डेल्टा आपल्या नकला एका लांब पट्टीत काढतो. ही घडी ती पट्टी बरोब्बर जागेवर तोडते, मग एकेक नक्कल सुटी होते. आम्ही तसाच धागा बनवतो, पण जंतूवर उलटवायला. त्याची दोन टोकं जंतूच्या निरोपाला अक्षराला अक्षर जुळवून चिकटतात, मधली घडी निरोप तोडते. तोडला की सुटते, पुढचा धरते. निरोपच तुटला तर जंतू वाढेल कसा?"

"मग आण की ते औषध. घरात माणूस पिवळा पडलाय."

"नळीत चालतं गं ते. रक्तात सोडलं की काही मिनिटांत चुरा होतो. नुसत्या बोटाच्या घामाने मरतं, म्हणून आम्ही हातमोजे घालतो. लिव्हरपर्यंत पोचवायचं कसं हेच अजून नीट जमलेलं नाही. वर्षं लागतील."

उठता उठता ती म्हणाली की त्या घडीला मॅग्नेशियम लागतं, त्याच्याशिवाय ती नीट बसत नाही. आगरात मीठ काढल्यावर जे कडू पाणी उरतं, त्यात तेच असतं.

माझा जन्म मिठागरावरचा. कच्च्या मिठाला ते कडू पाणी चिकटलेलं असतं, हे मला कुणी शिकवायला नको. मी मनाशी ठरवलं, मीठ तोडलं की डेल्टाची धार गेली. कुणाला सांगितलं नाही. काविळीचं पथ्य अळणीच असतं, त्यामुळे कुणाला संशयही आला नाही. पण पथ्यातही चिमूटभर घालतात. मी कणही घातला नाही, पेजेत नाही की भाकरीत नाही. उसाचा रस आणि उकळलेलं पाणी मात्र तांब्यांनी पाजलं. तो ओकला की आणखी पाजलं.

जावई मला मामी म्हणायचा. "मामी, खारा बोंबील नुसता चाटायला तरी द्या हो. मिठागरवाल्यांची पोरगी केली आणि अळणी मरतोय मी."

"बरा हो आधी, मग अख्खी पाटी खा."

शेवटचे दोन दिवस तो बरळत होता. मी म्हटलं, अशक्तपणा आहे.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पापणी उघडून पाहिली. "लिव्हरचं विष डोक्यात चढलंय. मुंबईला न्या, पण फार आशा धरू नका." ते चिठ्ठी लिहायला बसले. लेक भिंतीला टेकली. चिठ्ठी अर्धी झाली तेव्हा मी टेबलाजवळ गेले. लेक काय म्हणेल याची भीती वाटली, दुसरं काही नाही. मग बोलले.

"डॉक्टर, बारा दिवस याच्या पोटात मिठाचा कण नाही. आणि पाणी फार पाजलंय मी."

"का?"

"त्या जंतूची धार जावी म्हणून."

डॉक्टरांना कळलं नाही. लेकीला कळलं. "आई, ते मॅग्नेशियम आपल्या प्रत्येक पेशीत असतं! मिठाच्या डब्यावर नाही चालत ते. तू त्याचं सोडियम तोडलंस. बाई आहेस की कसाई?" सगळ्या वॉर्डासमोर म्हणाली.

चिठ्ठी बाजूला राहिली. लगेच रक्त घेतलं. सोडियम फारच खाली निघालं; रक्तातलं मीठ पाण्याने पातळ झालं होतं, झटका त्याचाच होता, काविळीचा नाही. डॉक्टरांनी मिठाचं सलाइन लावलं आणि थेंब स्वतः मोजून बसवले. घाईने चढवलं तर मेंदूला कायमची इजा होते, म्हणाले. दुपारी आणखी एक झटका आला. थेंब वाढवा म्हणून मी नर्सच्या मागे लागले, तिने मला बाहेर काढलं. लेक माझ्याशेजारी बसली नाही. दर दोन-तीन तासांनी रक्त नेत होते.

संध्याकाळी त्याने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. डॉक्टर म्हणाले, "पाणी नाही."

कावीळ उतरायला पुढे तीन आठवडे गेले, रक्त साफ व्हायला सहा महिने. ते त्याच्या शरीराने केलं. लेकीचा धागा तेव्हा नळीतच होता. शेजारच्या खाटेवर काविळीचाच एक माणूस होता, स्वतःच्या पायांनी चालत आलेला. तो चौथ्या दिवशी वारला. आमचा जावई जगला.