आवाज पंचांपर्यंत गेला पाहिजे

नारपोलीत आमची खोली यंत्रमागाच्या कारखान्याला चिकटून होती. माग सुरू झाले की मांडणीवरचे पेले थरथरायचे. वडील मागावर, आई आणि आत्या सुताच्या कांड्या भरायच्या मशीनवर. तरी महिनाअखेरीला डाळीत पाणीच जास्त. त्या खडखडाटात ओरडून उपयोग नसतो, म्हणून कामगार आवाज न काढता नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ते वाचतो. घरातही आम्ही तसंच बोलायचो. मीठ दे, जेवायला चल, फी भरली न्हाय... सगळं ओठांनी.

दीड महिना झाला, सुरेखाआत्या गेली. तेव्हापासून वीज जाऊन माग थांबले की मला बसवत नाही. दाराशी येते, मैदानाकडे बघते, परत आत जाते... कारण लोडशेडिंग झालं की कारखान्याचे शेठ कपाळाला हात लावायचे आणि आत्या कमरेला ओढणी बांधून कबड्डीला पळायची. तिला जिल्ह्याच्या संघात जायचं होतं. लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, "आधी जिल्हा, मग नवरा."

पहिल्या निवड चाचणीला मी सोबत होते. चढाईत दोघींना शिवून ती परत आली, तर पंचांनी तिलाच बाद दिलं. 'कबड्डी कबड्डी' ऐकूच आलं नाही म्हणाले. आत्या भांडली, "ओठ हलत व्हते ना माझे? दिसलं न्हाय का?" सगळं मैदान हसलं. काय करणार, सवयच ती. अंगात जोर चढला की तिचा आवाज आपोआप आत जायचा.

दुसऱ्या दिवसापासून कांड्या भरता भरता, चालू मशीनसमोर ती मोठ्यानं 'कबड्डी कबड्डी'चा दम घालायला लागली. शेठ वैतागले, "ए कबड्डीवाली, मशीन की सुनूँ या तेरी?"

"मशीनच्या वर माझा आवाज ऐकू आला की सांगा शेठ, मंग गप बसते."

पुढच्या वर्षी पुन्हा तीच चूक, पुन्हा बाद. घरी आली, भाकरी खाल्ली, शिफ्टला गेली. मग तिसऱ्या वर्षी एका सकाळी शेठच दारातून हात हलवत आत आले, "आ गया बाबा, बाहर तक आ गया!" त्या वर्षी तिची निवड झाली. आईनं पुन्हा लग्नाचं काढलं, तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आता हिचं बी.ए."

इंग्रजीत मी नापास झाले तेव्हा तिनं त्याच मशीनपाशी मला उभं केलं. "वाच मोठ्यानं. मला समजत न्हाय, पण ऐकू तर येऊ दे." पुन्हा नापास झाले. पुन्हा उभं केलं.

मग तिला कावीळ झाली. शेवटच्या भेटीत आवाज उरलाच नव्हता. नर्सला वाटलं, पाणी मागतेय. मी ओठ वाचले... "पेपर दिलास?" मी मान हलवली. ओठ परत हलले, "मोठ्यानं." भर दुपारी, सगळ्या वॉर्डादेखत मी ओरडले, "दिला, आत्या!" ती हसली.

गेल्या आठवड्यात निकाल लागला. घरी न थांबता कारखान्यात गेले. आत्याच्या मशीनवर आता दुसरी बाई आहे. तिनं ओठांनीच विचारलं, काय पायजे? माग जोरात चालू होते. मी दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.