पक्के मिस्त्रींनी न केलेलं काम

धक्क्यावर मोटारबोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे पक्के मिस्त्री म्हणत. आडनाव नव्हतं ते. शेवटचा बोल्ट आवळून झाला की पाना खाली ठेवत ते "पक्कं!" म्हणायचे. तीस वर्षं म्हणत आले, आणि लोकांनी तेच नाव चिकटवून टाकलं. घरात वाजलं की बायको म्हणायची, "बाहेर पक्के, घरात कच्चे." मिस्त्री हसण्यावारी न्यायचे. बाहेरच्या पक्केपणाचा त्यांना मनातून फार अभिमान होता.

त्या वर्षी दोन बहिणींनी मिळून एक जुनी मोटारबोट घेतली. खाडीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर माणसं न्यायची, आणायची. थोरली हिशेबी आणि तोंडाने फटकळ. तिकिटं, कागदपत्रं, भांडणं तिच्याकडे. बोट चालवायची धाकटी. आधी कापडाच्या दुकानात मोजमाप करणारी ही बाई महिन्याभरात अशी तयार झाली, की धक्क्याला बोट लावताना मध्ये अंडं धरलं असतं तरी फुटलं नसतं. मिस्त्रींना ती काका म्हणायची.

आधीच्या मालकाने बोटीची पार हेळसांड केली होती. म्हणून थोरलीने सांगितलं, "मिस्त्री, डोक्यापासून पायापर्यंत सगळं करा. मागे काही ठेवू नका."

मिस्त्रींनी शनिवारी सकाळी बोट शेडमध्ये घेतली. इंजिनचं तेल बदललं, फिल्टर बदलला, प्लग नवे घातले. इंजिनचा जो भाग पाण्यात बुडतो, ज्याला पंखा असतो, त्याला ते पाय म्हणत. त्या पायातलं गिअरचं तेल काढलं तर दुधासारखं पांढरं निघालं; म्हणजे आत पाणी शिरलेलं. वॉशर बदलून त्यांनी नवं तेल भरलं. पंखा उतरवला तर दांड्याभोवती मासेमारीची दोरी करकचून गुंडाळलेली. ती कापायलाच तास गेला. मग ग्रीस लावलं, पंखा परत चढवला. दुपार टळली.

राहिला होता फक्त पाण्याच्या पंपाचा इम्पेलर. हे सहा पाकळ्यांचं एक रबरी चक्र. ते फिरतं म्हणून बाहेरचं पाणी इंजिनात चढतं आणि इंजिन थंड राहतं. ते बदलायचं तर आख्खा पाय खाली उतरवावा लागतो. चार बोल्ट सुटले. पाचवा मिठाने असा धरला होता, की हलायचं नाव घेईना.

जावई लग्नानंतर पहिल्यांदाच सहा वाजता घरी यायचे होते. बायकोचे तीन फोन येऊन गेले होते. कंबर भरून आली होती. मिस्त्रींनी पाचव्या बोल्टकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग पाण्याच्या टाकीत इंजिन चालू करून बघितलं. इंजिन थंड करून मागून बाहेर पडणारी पाण्याची धार चांगली जाड येत होती. हंगामभर जाईल, त्यांनी मनाशी म्हटलं आणि सुटलेले चार बोल्ट पुन्हा आवळले.

थोरली आली. "झालं सगळं?"

"सगळं."

"तो इम्पेलर का काय म्हणत होतात तो?"

"बदलला." आणि सवयीने पुढे म्हणाले, "पक्कं!"

नवा इम्पेलर पाकिटासकट त्यांच्या शर्टाच्या खिशात होता.

सात आठवड्यांनी भर खाडीत बोट बंद पडली. आठ उतारू होते. त्यांत डायलिसिसला निघालेले एक म्हातारे मास्तर. इंजिन तापल्याचा भोंगा वाजला तसं धाकटीने तत्काळ इंजिन बंद केलं, पण ते आतून भाजून निघालं होतं. वाऱ्याने बोट खडकांकडे सरकायला लागली. धाकटीने नांगर टाकला, सगळ्यांना लाइफ जॅकेटं घालायला लावली, मास्तरांना स्वतःची शाल दिली. अडीच तासांनी एका मासेमारी बोटीने ओढून आणलं. मास्तरांचा डायलिसिस चुकला. ते चार दिवस दवाखान्यात अत्यवस्थ होते, मग सावरले.

इंजिन शेडमध्ये आलं. या वेळी मिस्त्रींनी पाचवा बोल्ट आचेवर तापवला आणि तो अर्ध्या तासात सुटला. फक्त अर्धा तास! पाय उतरला. इम्पेलरच्या तीन पाकळ्या मुळातून तुटल्या होत्या, उरलेल्या वाळल्या सालीसारख्या कडक. दोघी बहिणी मागे उभ्या होत्या.

"खरं सांगा मिस्त्री," थोरली म्हणाली, "धार बंद झालेली हिने पाहिलीच नाही, म्हणून झालं ना हे सगळं?"

"ताई, निघताना धार होती गं. मी पाहिली होती."

"निघताना! आणि मग काय डोळे मिटून बसली होतीस?"

रबर मिस्त्रींच्या मुठीत होतं. जुनं रबर चालता चालता एका क्षणात तुटतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? ते म्हणाले, "मधूनमधून मागे वळून बघावं लागतं."

वाक्य खोटं नव्हतं. तरी ते बोलल्यावर त्यांनी मुठीतलं रबर गुपचूप खिशात टाकलं. धाकटीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि बोटीची किल्ली बहिणीच्या हातात ठेवली.

पुढच्या सोमवारपासून बोटीवर पगारी चालक आला. धाकटी तिकिटाच्या खिडकीत बसायला लागली. मास्तरांचा मुलगा खिडकीशी येऊन चार लोकांत तिला वाट्टेल ते बोलून गेला. ती "चुकलं माझं" एवढंच म्हणाली. मिस्त्रींनी दुसरा नवा इम्पेलर आणून इंजिन बांधून दिलं आणि मजुरी घेतली नाही. धाकटी मुद्दाम शेडपर्यंत आली. "काका, माझी चूक तुम्ही फुकट निस्तरलीत. कसे पांग फेडू?" मिस्त्री हातातला पाना पुसत बसले. स्वच्छ होता, तरी पुसत बसले.

त्यानंतर ते खिडकी टाळून मागच्या वाटेने यायला लागले. "पक्कं" म्हणणं बंद झालं. लोक थट्टेने विचारत, "मिस्त्री, आवाज बसला का?" शेवटी एक दिवस जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगून टाकलं.

तिने त्यांच्या ताटात आमटी वाढली. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? माझी थोडीच बोट आहे!"

तरी त्यांना धीर होईना. उद्या जातो, परवा जातो करत चार महिने उलटले.

मग एका सकाळी पगारी चालक तापाने पडला. धक्क्यावर वीसेक माणसं खोळंबली होती. थोरली खिडकीशी अक्षरशः हात जोडून उभी होती. "एकच फेरी मार गं. मी मागे बसते, धारेवरून नजर काढत नाही."

"नको ताई," धाकटी आतून म्हणाली. "माझ्या हातून नको. माझा माझ्यावरच भरवसा नाही." ती तिकिटाचं पुस्तक उघडून पुन्हा तिकिटं मोजायला लागली.

मिस्त्री मागच्या वाटेवर होते. तिथून वळले आणि सरळ खिडकीशी जाऊन उभे राहिले. सगळ्यांदेखत म्हणाले, "इम्पेलर मी बदललाच नव्हता. बोल्ट निघेना, मला घरी जायची घाई होती. बदलला म्हणून खोटं सांगितलं. तुझी काही चूक नव्हती. जुनं रबर असंच अचानक जातं. हा बघ नवा, तेव्हापासून माझ्याकडेच पडलाय."

इतके दिवस खिशात बाळगलेलं पाकीट त्यांनी खिडकीच्या फळीवर ठेवलं. रांगेतला एक माणूस हसायला लागला होता, तोही थांबला.

थोरलीच्या तोंडून आधी शिव्या निघाल्या. मग तिने मान खाली घातली. तिला स्वतःचंच बोलणं आठवलं असावं.

धाकटीने विचारलं, "त्या दिवशी शेडमध्ये का नाही बोललात?"

"लाज वाटली."

"आणि चार महिने मी जी लाज घेऊन इथे बसले, ती कुणाची होती, मिस्त्री?"

काका नव्हे, मिस्त्री. त्याच दिवशी ते मास्तरांच्या घरी गेले. मुलाने दारातच उभं केलं, आत या म्हटलं नाही. तिथेही त्यांनी हेच सगळं पहिल्यापासून सांगितलं. संध्याकाळी मुलगा खिडकीशी जाऊन धाकटीची माफी मागून आला म्हणे.

बोभाटा व्हायचा तो झालाच. सहा-सात गिऱ्हाइकं दुसऱ्या मिस्त्रीकडे गेली. धाकटीने त्या सकाळी बोट काढली नाही. पंधरा दिवसांनी काढली, आधी रिकामी, मग माणसं घेऊन.

वर्ष भरलं. बोटीचं काम पुन्हा निघालं तेव्हा त्या बहिणी आपल्याकडे येणार नाहीत हे मिस्त्रींनी धरूनच ठेवलं होतं. पण धाकटी आली. एकटीच. स्टूल ओढून इंजिनाशेजारी बसली आणि दिवसभर हलली नाही. प्रत्येक बोल्ट सुटताना पाहिला, आवळताना पाहिला, निघालेला प्रत्येक भाग हातात घेऊन उलटासुलटा केला. तीस वर्षांत मिस्त्रींच्या कामावर असं कुणी डोळा ठेवून बसलं नव्हतं. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, तरी ती विचारेल ते ते सांगत गेले. पाय उतरल्यावर तिने हात पुढे केला.

"इम्पेलर मी बसवते. कसा बसवायचा ते सांगा."

मिस्त्री बाजूला सरकले आणि सांगायला लागले.