गरम नळीवरची टोपी

"माझा हात गेला की तुमची टोपी फसली, एवढंच सांग," पॅट म्हणाला. त्याने रायफलीचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सारणारा दांडा, काढून खिशात ठेवला आणि रायफल जीपच्या बॉनेटवर, जुन्या टॉवेलवर अलगद निजवली.

आयर्लंडमधल्या ट्रली गावापासून तासाभरावर, डोंगराच्या पायथ्याशी त्याचं शेत. २०२०चा नोव्हेंबर होता. धुकं इतकं खाली उतरलं होतं की कुंपणापलीकडे जग आहे यावर विश्वासच ठेवावा लागत होता. पाऊस पडत नव्हता, नुसता हवेत उभा होता. मास्कमुळे माझ्या चष्म्यावर वाफ धरत होती. एक मेंढी धुक्यातून आली, आमच्याकडे बघून परत धुक्यात गेली.

मी इंजिनीअर, मूळची नागपूरची. आमची छोटी कंपनी रबराच्या पातळ वस्तू बनवते, मुख्यतः दवाखान्यांसाठी. डॉक्टर बोटावर चढवतात तसली रबरी टोपी थोडी बदलून आम्ही शिकाऱ्यांसाठी काढली होती. रायफलीच्या तोंडावर ती चढवली की पाऊस, चिखल, पाचोळा आत जात नाही. हे लाड नव्हेत. नळीत चिखलाचा बोळा अडकला आणि गोळी झाडली, तर नळी फाटू शकते. झाडताना टोपी काढावी लागत नाही, गोळीच्या पुढची हवाच ती उडवून देते. मग नवी चढवायची.

पॅट सत्तरीला टेकलेला. इथे हरणांना खाणारं जनावर उरलेलं नाही, त्यामुळे हरणं वाढतात आणि नवी रोपं ओरबाडून टाकतात. त्यांची संख्या आटोक्यात ठेवायचं काम पॅटकडे. त्याचा नियम एकच: एक गोळी, आणि जनावर जागच्या जागी पडलं पाहिजे. गेल्या महिन्यात एक मादी जखमी होऊन पळाली. रात्रभर तो आणि त्याचा कुत्रा तिला शोधत होते. सकाळी ती ओढ्यात सापडली, जिवंत. त्यानंतर पॅटने शिकार बंद केली होती. आधी डोळे तपासून घेतले, मग आम्हाला फोन केला.

माझी बॉस नोरीन निघताना म्हणाली होती, "टोपीत दोष असेल तर बॅच परत मागवू. नसेल तर युजर एरर लिही आणि ये." युजर एरर हा आमच्या धंद्यातला सभ्य शब्द. अर्थ एवढाच, की चूक गिऱ्हाइकाची. पण या माणसाला तो शब्द सांगणं म्हणजे 'हात गेला' असंच सांगणं होतं. मला ते अजिबात नको होतं.

माझ्या विनंतीवरून आदल्या संध्याकाळी त्याने निशाणावर काही गोळ्या झाडल्या होत्या. "पहिली भरकटली, बाकीच्या ठीक," तो म्हणाला. "म्हाताऱ्या हाताला गरम व्हायला वेळ लागतो."

टोपी रात्रभर नळीवर तशीच होती. ती काढून पाणी भरून बघितली. एक थेंब गळला नाही. मग नळीत बोअरस्कोप सोडला. आपली एंडोस्कोपी करतात ना, तोच प्रकार, फक्त लोखंडाचा. स्क्रीनवर नळीतल्या पिळदार खाचा गोल फिरत दूर जात होत्या. बघताना जरा गुंगीच येते. कुठे कुठे तांबूस ठिपके होते, नुकता धरलेला गंज. आणि सगळीकडे बारीक, चमकते थेंब.

बाहेरून पाणी जाणं शक्य नव्हतं. मग आत आलं कुठून? मला काही सुचेना. पॅट म्हणाला, "आधी जेवून घे."

नवरा मंदार लॉकडाउनमध्ये पोळ्या करायला शिकला होता. पोळी तव्यावरून थेट डब्यात, आणि वर फट्ट झाकण. खाली कापड घाल, वाफ जाऊ दे, हे मी सांगून सांगून थकले. डबा उघडला तर झाकणाला घाम आणि तळाच्या पोळीचा लगदा. मी तशीच झाकण हातात धरून बसले.

"पॅट, काल टोपी कधी चढवली?"

"शेवटची गोळी झाडल्याबरोबर. तुमच्या पाकिटावरच लिहिलंय, नळी क्षणभरही उघडी ठेवू नका."

गोळीतली दारू जळते तेव्हा धुराबरोबर पाण्याची वाफही होते. गरम नळीत ती कोंडली गेली, रात्री नळी गार पडली आणि वाफेचं पाणी झालं. ओल्या नळीतून जाणारी पहिली गोळी भरकटू शकते, कालची आणि त्या मादीवरचीही. मी त्याला डबा दाखवला. त्याने लगदा बोटाने दाबून बघितला.

धुकं जरा विरळ झालं तेव्हा रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवून त्याने ओल्या नळीतून एक गोळी झाडली. ती वीतभर बाजूला गेली. मग गार होऊ दिली, कोरडं फडकं आरपार फिरवलं, पुन्हा झाडली. बरोबर मध्यात.

मी खूश झाले. पॅट नाही. "यात माझा हात कुठे होता? पिशव्या होत्या."

त्याने पिशव्या बाजूला केल्या. नळी पुन्हा गार, पुन्हा कोरडी केली. मग ओल्या गवतावर पालथा झोपला. मला भीती वाटली, खरंच वाटली. आवाज झाला आणि धुक्याने तो गिळून टाकला. आम्ही चालत निघालो. धुकं पुन्हा दाटलं होतं, निशाणाची फळी कितीतरी वेळ दिसतच नव्हती. मग हळूहळू उगवल्यासारखी समोर आली.

भोक मध्यभागी होतं, आधीच्या भोकाला चिकटून. पॅटने त्यात करंगळी घातली आणि तसाच उभा राहिला. "ग्रँड," तो म्हणाला. इकडच्या बोलीत त्याचा अर्थ 'ठीक आहे' एवढाच. करंगळी काढून पुन्हा म्हणाला, "ग्रँड."

ऑफिसला फोन केला. नोरीनने विचारलं, "युजर एरर ना?"

"नाही. त्याने आपला शब्दन् शब्द ऐकला. ओळ आपली चुकली आहे."

नोरीनने पाकिटावरची ती ओळ वाचून दाखवायला सांगितली. मग पाकिटं नवी छापली: गोळी झाडल्यावर नळी गार होऊ द्या, कोरडी पुसा, मगच टोपी घाला. गार व्हायला किती वेळ, असं पॅटने विचारलं होतं. मी सांगितलं, निवांत एक चहा होईपर्यंत. नोरीनने ते छापायला नकार दिला.

वस्तू नीट असून भागत नाही, ती कधी वापरायची नाही हेही सांगावं लागतं. आणि सांगून सगळेच ऐकतात असं नाही. पॅट आता आधी चहा पितो. मंदार अजून गरम पोळ्यांवर झाकण लावतो.