बोर्डावरचा गडी

"पायाची नाडी लागत नाहीये," डॉक्टर म्हणाले.

माझे पती यशवंत टेबलावर झोपले होते. डॉक्टरांनी घोट्यामागे, पावलावर, गुडघ्यामागे बोटं ठेवून पाहिली. मग हात धुऊन खुर्चीत बसले आणि विचारलं, "सिगारेट किती ओढता?"

"जास्त नाय, साहेब," यशवंत माझ्याकडे बघत म्हणाले.

केसपेपरवर डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलं, 'बर्जर्स डिसीज'. मी सातवी शिकलेली, मला ते वाचता आलं नाही. मग त्यांनीच समजावलं. हातापायांच्या रक्तवाहिन्यांना सूज येते, आत गुठळ्या धरतात आणि पुढे रक्त जात नाही. झाडाला पाणी कमी पडलं की शेंडा आधी वाळतो, तसं हे बोटांपासून सुरू होतं. तंबाखू ओढणाऱ्या तरुण माणसांना होतं.

"औषधं देतो, पण ती दुय्यम," ते म्हणाले. "सिगारेट ठेवा, नाहीतर पाय ठेवा."

यशवंत तेव्हा तिशीतले. आमच्या तळवलीच्या कबड्डी संघाचे चढाईवाले. बेलापूर रोडच्या एका कारखान्यात नोकरीला होते. कारखान्यातून घरी येताना त्यांची पोटरी भरून यायची. थोडं थांबलं की बरं वाटे, चाललं की पुन्हा कळ. पाऊल गार लागे. कारखान्याच्या डॉक्टरांनी पाय मुरगळला म्हणून मलम दिलं. आम्हीही तेच धरून बसलो. तुमच्या घरात कुणाला असं होत असेल, तर मलमावर थांबू नका.

लग्न झालं तेव्हा यशवंत विडीलाही शिवत नव्हते. दम मोडतो, म्हणायचे. गावच्या जमिनी नव्या शहरात गेल्या होत्या, तरण्या पोरांना मैदानाशिवाय काही उरलं नव्हतं. अशात एक सिगारेट कंपनी आली. नाव लिहीत नाही. तिने सामने भरवले, मांडव घातला, ढाली दिल्या, बनियनवर छातीशी सिगारेटचं नाव छापून दिलं. मैदानाच्या तोंडाशी कंपनीची माणसं पाकिटं फुकट वाटत. जिंकलेल्या संघाला तर खोकीच दिली. यशवंतांनी पहिली सिगारेट त्या ढालीसोबत ओढली.

मग कंपनीने त्यांचा चढाई करतानाचा फोटो मागून नेला आणि त्यावरून रस्त्याकडेला मोठा बोर्ड रंगवला. दम असलेल्यांची सिगारेट, असं काहीसं वर मराठीत लिहिलेलं. खाली बारीक अक्षरांत इंग्रजी ओळ होती. आम्हा सगळ्यांना तो बोर्ड बघून फार अभिमान वाटला होता. बोर्डावरच्या गड्याच्या खिशात पाकीट नको का? असं म्हणत म्हणत ते ओढू लागले.

त्या तपासणीनंतर मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात त्यांना दाखल केलं. अँजिओग्राम केला. म्हणजे रक्तवाहिनीत औषध सोडून एक्स-रे काढतात. नंतर सिम्पथेक्टॉमी नावाचं ऑपरेशन झालं. कमरेजवळची एक नस कापतात, त्याने पायाच्या रक्तवाहिन्या थोड्या मोकळ्या होतात. पुरुषांच्या वॉर्डात बाईमाणसाला रात्री राहू देत नसत. मी बाहेर व्हरांड्यात चटई टाकून पडे. पाय जरा उबदार लागायला लागला होता.

एके सकाळी त्यांच्या उशीखाली पाकीट सापडलं. संघाचे कप्तान पांडूभावजी भेटायला आले होते, तेच देऊन गेले होते.

"एकानं काय होतंय, वयनी," भावजी म्हणाले. "त्याचा जीव तगमगत होता."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी भांडले नाही, पण आज वाटतं, भांडायला हवं होतं.

पायाचा अंगठा निळा पडला, मग काळा. गँग्रीन. म्हणजे तो भाग मेला, आणि मेलेला भाग जिवंत भागाला खातो. वेदनेने ते रात्र रात्र पाय पलंगाखाली लोंबकळत ठेवून बसत. शेवटी डॉक्टर म्हणाले, "गुडघ्याखाली कापावा लागेल. उशीर केलात तर वरून."

यशवंतांनी संमतीच्या कागदावर स्वतः हाताचा अंगठा उठवला. सही येत होती, पण पेन हातात घेतलं नाही.

घरी आणलं तेव्हा बोर्डासमोरून जावंच लागलं. बोर्डावर ते दोन्ही पायांवर झेपावत होते. त्यांनी मान फिरवली.

पुढच्या सामन्यांच्या आधी कंपनीचे साहेब पांडूभावजींना घेऊन घरी आले. फळांची करंडी आणली होती. "जिद्दी खेळाडू म्हणून मैदानात सत्कार करायचाय," ते म्हणाले.

उत्तर दिलं ते माझ्या सासूबाईंनी. "पयला माज्या पोराचा फोटू उतरवा. मंग हार घाला."

"आई, धोका असतो हे आम्ही पाकिटावर छापतो. बोर्डावरही आहे."

"कंच्या भाषेत?"

साहेबांनी चष्मा पुसला.

यावरून गावात दोन तट पडले. आम्ही बाया कबड्डी मंडळाच्या मीटिंगला गेलो. खेळ हवा, सिगारेट नको, असं मी लुगड्याचा पदर घट्ट धरून बोलले. भावजी म्हणाले, "वयनी, मांडव दुसरं कोन घालील?" सामने ठरले. फोटो मात्र उतरला. महिन्याभरात बोर्डावर दुसऱ्या गावचा गडी आला, यशवंतांहून कोवळा.

सामन्यांच्या संध्याकाळी यशवंत ओटीवर कुबड्या शेजारी ठेवून बसले होते. सिगारेट त्यांनी सोडली होती, दुसरा पाय शाबूत होता. त्यासाठी मी त्या डॉक्टरांना रोज हात जोडते. मैदान जवळच. कर्ण्यातून एका चढाईचा ओरडा आणि लगेच सिगारेटचं नाव, असं चाललं होतं. मी दार लावायला उठले.

"राव दे उघडं," यशवंत म्हणाले.

"कशाला ऐकायचं?"

त्यांचं तोंड मैदानाकडेच होतं. "खेळानं माजं काय वाईट केलंय?"

मी दार तसंच ठेवलं आणि त्यांच्याजवळ ओटीवर बसले.