उपाशी म्हणजे किती उपाशी?

मंडळी, आईला घेऊन पुण्याहून वरवंडला आत्ताच परतलो. अंगात त्राण नाही, तरी सायबर कॅफेत बसून हे लिहितोय.

आईच्या पित्ताशयाचा स्कॅन होता. सुईतून किरणोत्सारी औषध देतात आणि ते यकृतातून पित्ताशयात कसं उतरतं ते मशीनवर बघतात. "उपाशीपोटी या," एवढंच फोनवर सांगितलेलं.

सुई टोचण्याआधी टेक्निशियननं विचारलं, "मावशी, शेवटचं कधी जेवलात?"

"परवा रात्री. काल सोमवार व्हता. म्हनलं, तपासणी हाय, तवा उपासाची खिचडी बी नको."

त्यानं सुई बाजूला ठेवली. चार-सहा तास उपाशी राहिलं की पुरतं म्हणे. फार उपाशी राहिलं तर पित्ताशय आधीच गच्च भरलेलं असतं, औषध आत शिरत नाही. "आज नीट जेवा, उद्या या."

म्हणजे उद्या पुन्हा तीच एसटी, तेच धक्के.

आता तुम्हीच सांगा, चिडायचं कुणावर? कॅन्टीनमध्ये आईपुढं इडली ठेवली, तर हात आखडून म्हणाली, "आधी आत जाऊन इचारून ये, किती खायची."