दोघांना सारखेच प्रश्न

फोन माझ्या मुलीने उचलला. मी गाडी चालवत होते, मॉलच्या पार्किंगमधून बाहेर पडायच्या रांगेत अडकले होते. "आई, नॉर्बर्ट अंकल इज क्राइंग," ती म्हणाली आणि तिने फोन माझ्या कानाला लावला. पलीकडून नॉर्बर्ट म्हणाला, "वैशाली, आग्नेस गेली गं." मागच्या गाडीने हॉर्न दिला, मी पुढे सरकले, बॅरियर वर गेला, मी बाहेर पडले आणि पहिल्या वळणावर गाडी बाजूला घेऊन थांबले. ती जाणार हे आम्हाला हॉस्पिटलमध्ये सांगितलेलं होतं. तरी माहीत असणं वेगळं आणि ऐकणं वेगळं...

आग्नेसताई आणि मी दुबईत अल बर्शाला एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. ती वसईची. तिथल्या कोर्टात काही वर्षं वकिली करून, नॉर्बर्टशी लग्न झाल्यावर दुबईला आलेली. नॉर्बर्ट एका हॉटेलात बॅन्क्वेट मॅनेजर. ती इथल्या एका कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटमध्ये लागली आणि आपल्यापैकी फार थोडे लोक करतात ते तिने केलं, अरबी शिकली. "यल्ला", "खलास", "इन्शाल्ला" एवढ्यावर आपलं सगळ्यांचं भागतं. ती मात्र टॅक्सीवाल्यांशी, शेजारणींशी, बेकरीवाल्याशी बोलून बोलून अशी अरबी बोलायला लागली की फोनवर ऐकणाऱ्याला ती हिंदी, म्हणजे भारतीय, बाई आहे हे कळत नसे. त्या अरबीमुळेच तिला पुढचं काम मिळालं. एका देशात यादवी युद्ध पेटलं होतं आणि तिथे नागरिकांवर काय अत्याचार होतायत ते तपासायला एक आंतरराष्ट्रीय चौकशी समिती नेमली गेली होती. समितीला अरबी येणारे वकील हवे होते. आग्नेसताईने अर्ज केला आणि तिची निवड झाली.

त्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. साक्ष देणारे अजून तिथे राहतात, आणि त्यांच्याबाबत किती जपून राहायचं हे मी तिच्याकडूनच पाहिलं.

तिचं काम म्हणजे ऐकायचं. त्या देशात शिरायला परवानगी नव्हती, म्हणून शेजारच्या देशांच्या सरहद्दीवरच्या छावण्यांत जाऊन ती पळून आलेल्या लोकांना भेटायची. काही आठवडे तिथे, मग काही दिवस दुबईत. परत आली की माझ्याकडे चहाला यायची, पण कामातलं एक अक्षर बोलायची नाही. कसं काम करते एवढंच कधीतरी सांगे. "तुम्ही हे पाहिलंत की ऐकलंत?" हा तिचा पहिला प्रश्न. कुठे उभे होतात? तिथून दिसत होतं का? अजून कोण होतं? एकदा मी म्हटलं, "अगं, ज्याचं घर गेलं, माणसं गेली, त्याला असं उलट विचारायचं? जिवावर येत नाही?"

"येतं ना," ती म्हणाली. "पाणी देते. रडू देते. पण विचारते. उद्या कोणी म्हणालं की हा खोटं बोलतोय, तर त्याच्या बाजूने उभं राहायला फक्त ती उत्तरं असतात."

आमच्या बिल्डिंगसमोर त्याच देशातून आलेल्या एका माणसाची बेकरी आहे. त्याला सगळे अबू नजीब म्हणतात. झातरचा मसाला लावलेली त्याची गरम रोटी खायला पार डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीतून लोक येतात. अबू नजीबचं गाव बंडखोरांच्या ताब्यात होतं आणि सरकारी फौजांनी ते वेढलं होतं. त्याचा धाकटा भाऊ इमाद गावातून औषधं आणायला बाहेर पडला, तेव्हा सैनिकांनी त्याला नाक्यावर उतरवून नेलं. त्यानंतर त्याचा पत्ता नाही. समितीचा पहिला मोठा अहवाल आला, त्यात त्या वेढ्याचं सगळं होतं. उपासमार, दवाखान्यावर टाकलेले बॉम्ब, नाक्यावरून गायब झालेली माणसं. सरकारने तो अहवाल विकत घेतलेल्या लोकांनी लिहिला आहे म्हणून फेकून दिला. अबू नजीबने मात्र त्या दिवशी दुकानात येईल त्याला मिठाई वाटली. आग्नेसताईला पाहून तो काउंटरमागून बाहेर आला, हात छातीवर ठेवून सगळ्या गिऱ्हाइकांना कळेल असं इंग्रजीत म्हणाला, "तू आमची बहीण आहेस."

मी शेजारी होते. मला वाटलं, ती हसून मान डोलवेल. ती म्हणाली, "अबू नजीब, तुमच्या गावाला जे भोगावं लागलं त्याचं मला फार वाईट वाटतं. पण मी तुमच्या बाजूची नाही." तो मोठ्याने हसला. त्याला ती नम्रता वाटली.

पुढच्या वर्षी बंडखोरांनी दुसऱ्या बाजूचं एक गाव जिंकलं. तिथे काय झालं ते आम्हाला अहवाल आल्यावरच कळलं. मला आठवतंय ते एवढंच, की त्या खेपेला छावणीतून परतल्यावर आग्नेसताई जेवत नव्हती. नॉर्बर्ट ताटात वाढायचा, ती चमचा फिरवत बसायची. मग अहवाल बाहेर आला. गाव पडल्यावर बंडखोरांनी घराघरांतून पुरुष बाहेर काढले आणि शाळेच्या मागे नेऊन गोळ्या घातल्या होत्या. त्यांच्या हातात शस्त्रं नव्हती.

टीव्हीवर ते आलं त्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या घरी होते. बेल वाजली. दारात अबू नजीब. तो आत आला पण बसला नाही. एरवी तिच्याशी अरबीत बोलणारा माणूस मुद्दाम इंग्रजीत बोलू लागला, म्हणजे मलाही कळावं.

"वर्षानुवर्षं ते आम्हाला मारतायत. आमचं सगळं गाव गेलं. त्यासमोर हे काय आहे? मोठं काय, छोटं काय, तुला कळत नाही?"

"कळतं," आग्नेसताई म्हणाली. "तसंच लिहिलंय. तुमच्यावर झालं ते कितीतरी मोठं आहे आणि अहवालात ते मोठंच आहे. पण शाळेमागे नेलेल्यांच्या आयांसाठी ते छोटं नव्हतं."

"आता सरकार हे सगळीकडे दाखवत फिरेल."

"फिरेल. म्हणून मी लपवू?"

"तुझा स्वतःचा भाऊ असता तर?"

ती म्हणाली, "माझा भाऊ असता तर मला या कामावर ठेवायलाच नको. म्हणून तर माझ्यासारखी परकी बाई पाठवतात."

अबू नजीबचा चेहरा लाल झाला होता. "मग इमादचं नाव तुमच्या फायलीतून काढून टाक. तुझ्या हातून आम्हाला न्याय नको."

"ते नाव तुमचं नाही, अबू नजीब. माझंही नाही," ती अगदी हळू म्हणाली. "ते इमादचं आहे."

तो गेला. तिने दार लावलं आणि तिथेच उभी राहिली. नॉर्बर्ट वसईच्या बोलीत तिला काहीतरी म्हणाला, बहुधा बस म्हणाला. ती बसली नाही.

त्यानंतर दोन्हीकडून शिव्या सुरू झाल्या. आधी सरकारवाले तिला विकली गेलेली म्हणत होते, आता बंडखोरांचे लोकही तेच म्हणू लागले. शब्दसुद्धा तेच! आपल्यातले लोकही कमी नव्हते. एकदा तिच्याबरोबर चर्चला गेले, तिथून बाहेर पडताना एक बाई मला म्हणाली, "कशाला परक्यांच्या भानगडीत पडायचं? नॉर्बर्टची नोकरी आहे, व्हिसा आहे..." आणि मीसुद्धा एकदा म्हटलं, "आग्नेसताई, एका अर्थी बरंच झालं. आता बॅलन्स झाला. दोन्ही बाजूंना सारखं झालं."

ती माझ्यावर अशी उखडलेली मी कधी पाहिली नव्हती. "सारखं नाहीच आहे ते! ऑफिसातही एक मुलगा हेच म्हणतो, दोघांची पानं सारखी करू या म्हणजे कोणी बोट ठेवणार नाही. दोघांना सारखं झोडपणं म्हणजे निःपक्षपात नव्हे गं. ते नुसतं आपला जीव वाचवणं झालं. दोघांना सारखेच प्रश्न विचारायचे. उत्तरं जिकडे नेतील तिकडे जायचं. मग एकाचं जास्त निघालं तर जास्त लिहायचं, आणि दुसऱ्याचं कमी निघालं म्हणून सोडून नाही द्यायचं." मग स्वतःच शांत झाली. म्हणाली, "चहा टाक."

बेकरीवरून जायचा रस्ता तिने बदलला नाही. मेट्रो स्टेशनला दुसऱ्या बाजूनेही जाता येतं, मी तिला तसं सुचवलंही होतं. ती रोज त्याच फुटपाथने जायची, काचेआड अबू नजीब दिसला की "सलाम आलेकुम" म्हणायची. तो तोंड फिरवायचा. वर्षानुवर्षं हे चाललं. मला तिचा राग यायचा, अपमान करून घ्यायची ही काय हौस! मग ती आजारी पडली आणि ते येणंजाणंच थांबलं.

तिचं दफन वसईला झालं. काही आठवड्यांनी दुबईत तिच्यासाठी प्रार्थना ठेवली होती. हॉलमध्ये वसईची माणसं, नॉर्बर्टचे हॉटेलातले सहकारी, आमच्या बिल्डिंगमधले लोक होते. शेवटच्या ओळीत अबू नजीब बसला होता. मी चकित झाले. प्रार्थना संपल्यावर त्याने मला बाहेर गाठलं आणि म्हणाला, "सिस्टर, तुला काही माहीत नाही ना? तिने सांगितलं नसणार." आणि मग त्याने जे सांगितलं, त्यासाठी मी हा लेख लिहितेय.

त्या शाळेमागे मारल्या गेलेल्या माणसांत एका बाईचे दोन मुलगे होते. तिला उम्म हसन, म्हणजे हसनची आई, म्हणू या. जगात कोणीही तिच्या मुलांचं काही लिहिलं नव्हतं. बंडखोरांना सहानुभूती दाखवणारे त्यांच्याविरुद्ध लिहीत नव्हते आणि सरकारला तिच्या मुलांपेक्षा त्यांच्या मरणाचा उपयोग जास्त होता. समितीच्या अहवालात मात्र ते होतं, जसं घडलं तसं. तिचा तिसरा मुलगा सरकारी तुरुंगात पहारेकरी होता. तिथे जे चालायचं ते सहन न होऊन तो पळाला आणि आईबरोबर सरहद्द ओलांडून आला. तोंड उघडलं तर स्वतःच्याच माणसांनी मारलं असतं. पण त्या गावच्या साक्षी एका हिंदी बाईने घेतल्या होत्या हे उम्म हसनला छावणीत कळलं होतं. ती त्याला म्हणाली, "त्या हिंदी बाईला सांग. तिने तुझ्या भावांना माणसं समजून लिहिलं. ती तुझंही नीट लिहील."

आणि तो सरहद्दीजवळच्या समितीच्या ऑफिसात आग्नेसताईसमोर बसला. तुरुंगात मेलेल्या कैद्यांबद्दल तो सांगत होता. सांगता सांगता एक माणूस आला, औषधं आणायला गेलेला, नाक्यावर पकडलेला, अमुक गावचा, बेकरीवाल्यांच्या घरातला. नाव इमाद.

"ती उठली," अबू नजीब म्हणाला. "उम्म हसनने मला फोनवर सांगितलं. ती उठली आणि म्हणाली, या माणसाच्या घरच्यांना मी ओळखते, यापुढचं मी ऐकणं बरोबर नाही. तिने दुसऱ्या माणसाला पाठवलं. उम्म हसनला राग आला, एवढ्या विश्वासाने आलो आणि ही निघून जाते! ती जाब विचारायला बाहेर गेली. तर ही जिन्यात बसून रडत होती."

पुढे दुसऱ्यांनी चौकशी केली, पहारेकऱ्याच्या सांगण्याची इतर साक्षींशी पडताळणी झाली. त्याला खूप काळ लागला. ते पक्कं होईपर्यंत घरच्यांना सांगता येणार नव्हतं, आणि पहारेकऱ्याच्या जिवाचाही प्रश्न होता. त्या सगळ्या काळात ती दुबईत येत-जात होती. अबू नजीब तोंड फिरवत होता आणि ती सलाम करत होती... इमाद मेलाय हे बहुतेक कळलेलं असताना.

समितीच्या लोकांनी अबू नजीबला अखेर कळवलं, तेव्हा आग्नेसताई हॉस्पिटलमध्ये होती. इमाद पहिल्याच हिवाळ्यात गेला होता, त्याला कुठे पुरलं तेही कळलं होतं. मग उम्म हसनने स्वतःहून निरोप पाठवून त्याच्याशी फोनवर बोलायची परवानगी मागितली आणि जिन्यातली गोष्ट त्याला कळली. तो दुकान बंद करून तसाच हॉस्पिटलला गेला.

तिथे काय झालं ते मला नंतर नॉर्बर्टने सांगितलं. ती जागी होती. अबू नजीब पलंगापाशी उभा राहिला. तिने विचारलं, "इमादचं सांगितलं तुम्हाला?" तो हो म्हणाला. "मला सांगता येत नव्हतं," ती म्हणाली. "माहीत आहे," तो म्हणाला. मग अबू नजीब म्हणाला, "पण तो अहवाल तेव्हा यायला नको होता. मी अजूनही म्हणतो."

नॉर्बर्ट सांगतो, तेव्हा ती हसली. आजारपणात पहिल्यांदाच मनापासून हसली. म्हणाली, "म्हणा की."

मी एचआरमध्ये काम करते. दोन माणसांचं ऑफिसात वाजलं की कोणाची बाजू घ्यायची हे माझं ऐकायच्या आधीच ठरलेलं असतं, हे मला आता दिसतं. कॉफी मशीनवरून झालेल्या भांडणातसुद्धा! आणि ही बाई एका पेटलेल्या देशाच्या सरहद्दीवर बसून, जी समोर रडतेय तिलाही विचारत होती, तुम्ही पाहिलंत की ऐकलंत. कुठून आणत होती ती हे बळ? ती माझ्या शेजारी राहत होती, माझ्याकडून कढीपत्ता न्यायची, आणि मला ती किती उंच आहे याचा पत्ता नव्हता.

गेल्या शुक्रवारी दुपारी मी रोटी आणायला गेले. नमाज होऊन गेली होती, दुकानात गर्दी नव्हती. अबू नजीबने मला स्टूल दिलं आणि बोट ओठांवर ठेवलं. काउंटरवर फोन स्पीकरवर होता. पलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज येत होता. उम्म हसन. ते दोघं दर शुक्रवारी बोलतात, हे मला तेव्हा कळलं. आधी त्यांचं भांडण झालं. शब्द कळले नाहीत तरी भांडण कळतंच. तिला तिची बाजू बरोबर वाटते, त्याला त्याची. मग दोघंही थांबली आणि प्रार्थना सुरू झाली. उम्म हसनने तिच्या दोन मुलांची नावं घेतली, तो आमीन म्हणाला. त्याने इमादचं नाव घेतलं, ती आमीन म्हणाली. मग दोघांनी मिळून एक नाव घेतलं. त्यांच्या उच्चारात ते जरा वेगळंच झालं होतं, म्हणून माझ्या लक्षात यायला क्षणभर वेळ लागला.

"अग्निस," ती दोघं म्हणाली.

मीही आमीन म्हटलं.