भीती तेवढी घालू नका

"मोठी झाली की ठरवेल की तीच." आमच्या समोरच्या घरातले अण्णा हे वाक्य इतक्या वेळा बोलायचे, की कुणी त्यांच्या मुलीच्या देवाधर्माचा विषय काढला, की इमारतीतल्या आम्ही बायका त्यांच्याआधीच ते म्हणून मोकळ्या व्हायचो. त्यांना राग यायचा नाही. हसून म्हणायचे, "बघा, पाठ झालं."

अण्णा निपाणीकडचे, बंगळुरात आमच्या बसवनगुडीत भाड्याने राहायचे. बायको कॅन्सरने गेली तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. देव मानत नव्हते, पण त्याचा तोराही नव्हता. माझ्या सत्यनारायणाला यायचे, हात न जोडता कोपऱ्यात बसायचे आणि शिरा दोनदा मागून घ्यायचे. शाळेच्या अर्जात धर्माच्या रकान्यात त्यांनी रेघ मारली. कारकुनाने अर्ज परत केला, यांनी पुन्हा रेघ मारली. तिसऱ्या खेपेला कारकूनच दमला.

तुम्ही म्हणाल, म्हणजे मुलीला त्यांनी आपलंच मत शिकवलं असणार. मीही तेच धरून चालले होते. पण तिने एकदा "देव असतो का?" असं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मला वाटतंय नाही. अज्जीला वाटतंय आहे. तू सावकाश बघ." अज्जी म्हणजे मी. माझ्या मुलांनी हेच विचारलं असतं, तर शेजारच्या अण्णांचं मत मी त्यांना कधीच सांगितलं नसतं.

शाळा सुटल्यावर मुलगी माझ्याकडे असायची. पहिल्या दिवशी तिला सोडताना अण्णा म्हणाले, "अक्का, तुमची पूजा बघू दे की तिला. भीती तेवढी घालू नका."

"सरी अण्णा," मी कबूल केलं.

दोन वर्षं शब्द पाळला. मग एका संकष्टीला उपासाने माझं डोकं चढलं होतं, आणि मी नैवेद्याला झाकून ठेवलेल्या मोदकांतला एक तिने उचलून खाल्ला. सहा वर्षांचं पोर, भूक लागली होती. देवाला नमस्कार कर, चुकले म्हण, असं मी सांगितलं. ती नाही म्हणाली. मी बोलून गेले, "देव रागावतो. जिथे नमस्कार करत नाहीत, त्या घराचं काय होतं, बघितलंस ना?"

ती गप्प झाली. मला वाटलं, चला, वळण लागलं. देव रागावतो हे मला माझ्या आईने ऐकवलं होतं, मी माझ्या मुलांना ऐकवलं होतं. त्यात काही गैर आहे असं मनातही आलं नव्हतं. पण आमच्यापैकी कुणाची आई लहानपणी गेलेली नव्हती.

संध्याकाळी अण्णा न्यायला आले. दारात बूट काढत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, तू नमस्कार केला असतास तर आई राहिली असती?"

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग तिला मांडीवर घेऊन आईला कुठला आजार होता, डॉक्टरांनी काय काय केलं, ते सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "तरी तू कर. नाहीतर तू पण जाशील."

मी तिथेच उभी होते. 'मी रागात खोटं बोलले गं,' एवढंच म्हणायचं होतं. तिने मानलं असतं, देवाच्या बाबतीत तिचा माझ्यावरच विश्वास होता. मी कॉफी ठेवायला आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा ऑफिसला जाण्याआधी माझ्या देवघरासमोर येऊन हात जोडू लागले. त्यांनी डोळे मिटलेत की नाही ते मुलगी शेजारी उभी राहून बघायची. इमारतीत सगळ्यांना गंमत वाटली. आमचे हे म्हणाले, "आले शेवटी मार्गावर." अण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत. ते भांडले असते तर बरं झालं असतं, असं मला रोज वाटायचं.

वर्षभराने त्यांना पुण्यात नोकरी लागली. सामानाचा टेम्पो खाली उभा होता, तरी मुलगी त्यांचा हात धरून वर आली. अण्णांनी हात जोडून डोळे मिटले. ती माझ्याकडे वळली.

"अज्जी, तिकडे देवघर नाही. बाबाला काही होईल का?"

अण्णा डोळे मिटूनच उभे होते. 'काही होत नाही, बाळ,' एवढं म्हणायलाही माझी जीभ उचलली नाही. मी देव्हाऱ्यातला पितळेचा छोटा गणपती उचलून तिच्या हातात दिला. अण्णांनी तो पाहिला आणि ते जिना उतरले.

टेम्पो वळेपर्यंत मी गॅलरीतून बघत होते. पुढच्या सीटवर वडिलांशेजारी ती अंग चोरून बसली होती, आणि गणपती पडू नये म्हणून तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.